प्राचीन इजिप्तमधला विरक्त रक्तपिपासू वंश : कॅम्पेनसाठी मदत हवी आहे

खडूमाती

आमचा पाच जणांचा ग्रुप दर शनिवारी रात्री टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. पुढचं कॅम्पेन, म्हणजे अनेक शनिवार चालणारी गोष्ट, इजिप्तमध्ये घ्यायचं ठरलंय : मेम्फिस शहर, रामसेस दुसऱ्याचा काळ, म्हणजे इ.स.पू. तेरावं शतक. खेळाडूंची पात्रं साधी माणसं आहेत. एक लेखनिक, एक बिअर करणारी बाई, एक थडग्यांवरचा पहारेकरी आणि एक वैद्य.

त्यांची गाठ पडणार आहे व्हॅम्पायरांच्या एका वंशाशी. पण हे व्हॅम्पायर शिकार करत नाहीत. तहान असूनही ती आवरणारे, व्रतस्थ लोक आहेत. आत्तापर्यंत सुचलंय ते असं : पश्चिमेच्या वाळवंटातल्या गुहा, अंगाला राख, वर्षानुवर्षं एका पायावर उभं राहणं, हाडांवर चिकटलेली कातडी. त्यांना रक्ताच्या बंधनातून मोक्ष हवा आहे.

लिहून काढलं तेव्हा जमल्यासारखं वाटलं. मोठ्याने वाचलं तर काहीतरी खटकतंय. तिथल्या मातीतलं वाटत नाही. म्हणून विचारतो : हे लोक विरक्त का झाले असतील? जगतात कशावर? त्यांना घाबरवतं काय? आणि शेवटी त्यांना हवंय काय?

गोधडी

रुमाल टाकून ठेवते. मी खेळत नाही, पण विषय भारी आहे.

फासेबहाद्दर

नियमांपुरतं सांगतो. बहुतेक व्हॅम्पायर खेळांत रक्त म्हणजे इंधन. जास्त प्यायलं की जास्त ताकद. तुझा वंश न पिणारा असेल तर खेळाडूच्या हातात दुसरं काहीतरी मोजायला दे, नाहीतर दर सेशनला तो फक्त ‘मी स्वतःला आवरतो’ म्हणून फासे टाकत बसेल. दोन शनिवारांत कंटाळेल. आवरण्यातून काहीतरी मिळायला हवं.

सोनटक्का

खडूमाती, तुला काय खटकतंय ते मी सांगते. राख फासलेला, एका पायावर उभा, मोक्ष मागणारा : हा आपला तपस्वी आहे. त्याला फक्त नाईलच्या काठी नेऊन उभा केलास.

फेरोंच्या इजिप्तमध्ये जग सोडून जाण्याला काही मान नव्हता. वाळवंट म्हणजे तांबडी जमीन, सेत या अराजकाच्या देवाचा मुलूख, तिथे कोण आनंदाने जाईल? चांगलं आयुष्य म्हणजे काळ्या गाळाची जमीन, बायकापोरं, बिअर, भाजलेलं बदक आणि शेवटी नीट बांधलेलं थडगं. थडग्यांच्या भिंतीही मेजवान्यांनी भरलेल्या. मेल्यावरही त्यांना हेच सगळं पुढे चालू हवं होतं. मोक्ष हा शब्दच काढून टाक.

पण कडक आचार मात्र होता, आणि तो देवळात होता. ‘वाब’ म्हणजे शुद्ध, आणि देवळात काम करणाऱ्या याजकांच्या एका मोठ्या वर्गाचं नावच वाब. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की हे लोक एक दिवसाआड सगळं अंग भादरत, दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा थंड पाण्याने आंघोळ करत, फक्त तागाचं वस्त्र आणि पपायरसच्या वहाणा वापरत. मासे वर्ज्य. तोंड शुद्ध करायला नेट्रॉन या नैसर्गिक क्षाराचा खडा चघळत. आता मुख्य गोष्ट : हे सगळं कामावर असेपर्यंतच. याजकांच्या तुकड्या पाडलेल्या असत. रामसेसच्या काळात अशा चार होत्या, एकेका महिन्याची पाळी. आपल्याकडे मोठ्या देवळांत पुजाऱ्यांची पाळी असते ना, तसंच. पाळी संपली की माणूस घरी जायचा, केस वाढवायचा, मासे खायचा, बायकोजवळ झोपायचा. शुद्धी म्हणजे देवाच्या सेवेत उभं राहण्याची अट, एवढंच.

तुला इजिप्शियन विरक्त हवा असेल तर तो या पाळीतून काढ.

खडूमाती

बरोबर पकडलंत, राख आणि एक पाय दोन्ही गेले. पण महिनाभराच्या सोवळ्याला विरक्ती कशी म्हणायची? माझ्या वंशाला शतकानुशतकं तसं राहायचंय.

उंबरठा

सोनटक्का म्हणतात ते रामसेसच्या काळापुरतं मान्य. पण इजिप्तमध्ये पूर्णवेळ विरक्त झालेच नाहीत असं नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं मेम्फिसजवळच्या सक्काऱ्याचं सेरापियम हे देऊळ, इ.स.पू. दुसरं शतक. ग्लाउकियासचा मुलगा टॉलेमायोस तिथे देवाचा ‘धरलेला’ म्हणून सुमारे वीस वर्षं राहिला. आवाराबाहेर पाऊल नाही. त्याचे अर्ज पपायरसवर शिल्लक आहेत, त्यात देवळातल्या लोकांनी मारहाण केल्याच्या तक्रारी आहेत. त्याला नक्की कोणी धरलं होतं, देवाने की कर्जाने, यावर विद्वान अजून भांडतात.

दुसरं कायरेमॉनचं वर्णन. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला इजिप्तमधला लेखक, आणि त्याचा मजकूर पुढे पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने जपून ठेवला. तो सांगतो की याजक मोठ्या विधीआधी कधी बेचाळीस दिवस, पण सातपेक्षा कमी कधीच नाही, असं व्रत धरत. खजुरीच्या फांद्यांची बाज, उशाला लाकडी टेकण, रात्री ताऱ्यांचं निरीक्षण.

तिसरं तर तुझ्यासाठीच आहे. अलेक्झांड्रियाजवळ मारेओटिस तळ्याकाठी राहणारे थेराप्युटे, ज्यांच्याविषयी फिलो या तत्त्वज्ञाने पहिल्याच शतकात लिहिलंय. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. ते सूर्य मावळेपर्यंत तोंडात काही घालत नसत. कारण काय, तर चिंतन उजेडाच्या लायकीचं आणि शरीराच्या गरजा अंधाराच्या. काही जण तीन तीन दिवस जेवत नसत, काही सहा दिवस. मग भाकरी आणि मीठ.

फासेबहाद्दर

फक्त अंधारातच खाणारे लोक! उंबरठा, याला म्हणतात आयतं ताट.

सोनटक्का

ताट खरंय, पण ते बारा-तेराशे वर्षांनी वाढलेलं. फिलोचे लोक ज्यू होते आणि त्यांचं चिंतन ग्रीक वळणाचं. कायरेमॉन स्वतः स्टोइक, म्हणजे संयम शिकवणाऱ्या ग्रीक पंथाचा, त्याला याजकांत स्टोइक मुनी दिसणारच. रामसेसच्या मेम्फिसमध्ये हे सरळ आणता येणार नाही.

चिंचोका

माझी हरकत वेगळी आहे. माणसाचं रक्त न पिणारा, बकऱ्यावर भागवणारा सज्जन व्हॅम्पायर आता सगळीकडे झालाय. त्यात भीती उरत नाही. आणि भीती नसेल तर व्हॅम्पायर कशाला हवा? एखादा उपाशी पुरोहितच ठेवा.

दगडफूल

चिंचोका, भीती हवी असेल तर इजिप्तमध्ये ती भरपूर आहे.

बर्लिनच्या संग्रहातल्या एका पपायरसवर आई आणि बाळासाठी मंत्र आहेत. त्यातला एक अंधारातून येणाऱ्या मेलेल्या बाईला अडवण्यासाठी आहे. ती येते, तिचं नाक मागे आणि तोंड पाठीकडे फिरलेलं. आई तिला विचारते, या बाळाचा मुका घ्यायला आलीस का? मी घेऊ देणार नाही. त्याला गप्प करायला आलीस का? मी करू देणार नाही. न्यायला आलीस का? मी नेऊ देणार नाही. आणि मग संरक्षणासाठी काय, तर लसूण आणि मध. मध का? माणसांना गोड, पण मेलेल्यांना कडू.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. आमच्या गावी बाळंतिणीच्या खोलीबाहेर हडळ येते म्हणायचे, तिची पावलं उलटी. इथे चेहरा उलटा. दोन्ही बायका बाळासाठीच येतात.

खडूमाती, तुमच्या वंशाची कमजोरी मध ठेवा. लसूण सगळ्यांना माहीत असतो. पण मधाचा एक थेंब जिभेवर ठेवून ‘कडू’ म्हणणारा माणूस टेबलावर आला की खेळाडू गप्प होतील.

खडूमाती

दगडफूल, अंगावर काटा आला. मध पक्का. आमच्या बिअरवालीच्या घरात मध असणारच. ओळख पटवण्याचा प्रसंग तिथेच घेतो.

वडपिंपळ

बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीरावांनी आणलेली ममी आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिली होती. मला वाटायचं मेलेला माणूस भीतीदायक असेल, पण आठवतंय ते कापड. एवढं बारीक, एवढं काळजीपूर्वक गुंडाळलेलं, की कोणीतरी आईच्या हाताने केल्यासारखं. विषयाला धरून किती आहे माहीत नाही, पण इजिप्तचे मेलेले म्हटलं की मला भीतीपेक्षा ती निगुती आठवते.

गोधडी

वर सोनटक्काताईंनी पाळीचं लिहिलं तिथे मी अडकले आहे. मी नर्स आहे, आणि आमचं सगळं आयुष्य पाळीवर चालतं. म्हणून एक सांगते, उपयोग झाला तर बघा.

काही वर्षांपूर्वी पावसात लोकल बंद पडल्या. माझी रात्रपाळी सकाळी आठला सुटायची होती. सकाळची सिस्टर आलीच नाही. आमच्यात ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. ओव्हर म्हणजे पुढच्या पाळीला एकेक पेशंट दाखवून, औषधं, सलाईन, रात्री काय झालं ते सगळं सांगून जबाबदारी तिच्या हाती देणं. घेणारीच नाही तर देणार कुणाला? वरच्यांना फोन केले, ‘बघतो’ म्हणाले. दुपारची सिस्टरही आली नाही. मी रात्री साडेनऊला सुटले, म्हणजे चोवीस तासांहून जास्त.

त्यातलं मला काय आठवतं? भूक दुपारी दोनला मेली. झोप चारला गेली. त्यानंतर मी फक्त हात धूत होते. प्रत्येक पेशंटआधी, प्रत्येक पेशंटनंतर, नियमाप्रमाणे. बाकी सगळं हातातून सुटत होतं, पण हात धुतले की मी परत सिस्टर व्हायचे. अजूनही थकले की उगाच जाऊन हात धुते.

तुमच्या पुरोहिताची पाळी संपली, पण बदली आलाच नाही, असं झालं तर?

सोनटक्का

गोधडी, मी हे दोनदा वाचलं. चोवीस तास! आणि शेवटच्या वाक्यात तुम्ही धाग्याचा प्रश्नच सोडवून दिलात.

याला इतिहासात जागा आहे. मेम्फिसजवळच्या अबुसीरला राजा नेफेरिरकारेच्या पिरॅमिडच्या देवळातले पपायरस सापडलेत. ते चक्क ड्युटीचे तक्ते आहेत. कोणी कुठे पहारा द्यायचा, कोणी कुठली वस्तू उचलायची, कोण हजर, सगळं रकाने आखून, काळ्या-तांबड्या शाईत. आणि त्या जुन्या राज्यकाळात, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, तुकड्या चार नव्हत्या, पाच होत्या. मध्य राज्यकाळात येईपर्यंत चार झाल्या.

मधल्या काळात काय झालं? सहावं राजघराणं कोसळलं. इ.स.पू. २२०० च्या आगेमागे मेम्फिसची सत्ता विस्कटली, राजांच्या पिरॅमिडांची देवळं ओस पडली. दक्षिणेला मोअल्लाच्या थडग्यात अंखतीफी नावाचा अधिकारी लिहून ठेवतो की सगळा वरचा, म्हणजे दक्षिणेकडचा, इजिप्त भुकेने मरत होता, लोक स्वतःची मुलं खात होते. तो स्वतःची बढाई मारतोय हे धरूनही, ते वाक्य भिंतीवर आहेच.

तर मग, खडूमाती : पाचवी तुकडी आपल्या महिन्याला देवळात गेली. पुढची आलीच नाही.

फासेबहाद्दर

‘पाचवी पाळी’. वंशाचं नाव मिळालं.

उंबरठा

+१, आणि अजून एक. इ.स.पू. २३८ मध्ये टॉलेमी तिसऱ्याच्या काळात कनोपसचा जाहीरनामा निघाला, त्यात याजकांनी चार तुकड्यांना पाचवी नवी जोडली. म्हणजे तुझा वंश दोन हजार वर्षं ज्या नावाने स्वतःला ओळखत आला, ते नाव एके दिवशी दगडावर कोरून दुसऱ्यांना दिलं जातं. कॅम्पेन पुढच्या काळात नेलंस तर हा घाव वापर.

खडूमाती

मी सकाळपासून ऑफिसात एवढंच करतोय. गोधडीताई, तुम्ही खेळत नाही म्हणालात, पण हा वंश तुमचा आहे.

आता जुळवतो. मूळ पुरुष : सहाव्या घराण्याच्या शेवटाचा एक वाब, पाचव्या तुकडीतला. देवळातलं अन्न संपलं, गावं ओस पडली, तरी तो थांबला, कारण ओव्हर घ्यायला कोणी नव्हतं. तो कसा मेला आणि कसा उठला हे अजून ठरत नाही. आणि रक्ताशी त्याचा संबंध काय? पुरोहित आणि रक्त यांना जोडणारा दुवा हवाय.

सोनटक्का

तो आहे, आणि फार सुंदर आहे. सेखमेतचे वाब.

सेखमेत म्हणजे सिंहिणीच्या तोंडाची देवी. रोगराई तिची, म्हणून तिचे वाब वैद्यही असत. बळीचं जनावर तपासणं हेही त्यांचं काम. जुन्या राज्यकाळातल्या थडग्यांत खाटीककामाची दृश्यं कोरलेली आहेत. बैल पाय बांधून आडवा पाडलाय, एकाच्या हातात सुरी, दुसऱ्याच्या हातात रक्ताचं भांडं. आणि एका दृश्यात खाटीक रक्ताने भरलेला हात वाबाच्या नाकाजवळ धरतो. म्हणतो, हे रक्त बघ. तो वास घेतो आणि म्हणतो, शुद्ध आहे. इजिप्शियनमध्ये तोच शब्द, वाब. रक्तही वाब, माणूसही वाब.

आयुष्यभर रक्ताचा वास घेऊन ते दुसऱ्यासाठी शुद्ध ठरवणारा, स्वतः कधीच न चाखणारा. तुझा मूळ पुरुष हाच.

चिंचोका

हे आवडलं. पण माझा प्रश्न तिथेच आहे. मग तो बैलाचं रक्त पितो आणि सुखी?

सोनटक्का

नाही. बैल की माणूस हा मुद्दाच नाही, क्रम हा मुद्दा आहे. देवळात अन्न आधी देवापुढे जायचं. देवाचं झालं की ते छोट्या देवांपुढे, मृत राजांच्या, अधिकाऱ्यांच्या मूर्तींपुढे फिरायचं. मग शेवटी याजकांच्या वाट्याला. तेच त्यांचं वेतन. आपल्याला हे समजावून सांगायला नको, नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही हे प्रत्येक घरात ऐकलेलं असतं.

पाचव्या पाळीचा नियम हाच असू दे : देवापुढून फिरून आलेलंच प्यायचं. त्या रांगेत ते सगळ्यांत शेवटी. आता दुष्काळ पडला, अर्पणच झालं नाही, तर फिरून काय येणार? भांडं कोरडं. शेजारी जिवंत माणूस झोपलाय, त्याचं रक्त गरम आहे, पण ते कोणापुढे ठेवलेलं नाही. चिंचोका, भीती तिथे आहे.

चिंचोका

हरकत मागे घेतो. त्या कोरड्या भांड्याचा प्रसंग मला खेळायला आवडेल.

फासेबहाद्दर

नियम असे बसवता येतील. रक्ताऐवजी ‘शुद्धी’ मोज, शून्य ते पाच. रात्रीच्या दोन आंघोळी, नेट्रॉन, भादरणं हे विधी केले की शुद्धी टिकते, आणि ती जितकी जास्त तितकी वास घेण्याची ताकद : रोग ओळखणं, खोटं ओळखणं, कोण कधी मरणार ते सांगणं. देवापुढून न आलेलं प्यायलं तर अंगात प्रचंड बळ येतं, पण शुद्धी थेट शून्य. मग तो वाब राहत नाही, सेखमेतचा बाण होतो, म्हणजे तिची रोगराई पसरवणारा. वर्षाच्या शेवटचे पाच जादा दिवस इजिप्शियन लोक धोक्याचे मानत, सेखमेतची भीती तेव्हा सर्वांत जास्त. त्या पाच रात्री फासे अवघड कर.

मुळाकाठ

सेखमेत आहे तर तांबडी बिअर विसरू नका. रा देव माणसांवर रागावतो आणि आपला डोळा हाथोरच्या रूपात पाठवतो. तीच सेखमेत होऊन कत्तल करत सुटते, रक्ताची चटक लागते आणि थांबेना. तेव्हा रा बिअरचे सात हजार घडे करवतो, त्यात गेरू कालवतो आणि रात्रीच शेतांत ओततो. सकाळी ती येते, रक्त समजून पिते, झिंगते, आणि माणसं वाचतात. रक्ताची तहान फसवून मोडल्याची याहून जुनी गोष्ट माझ्या वाचनात नाही.

तुझ्या वंशाला गेरूची बिअर हवीच. आणि ती करणारी बाई आधीच तुझ्या पात्रांत आहे!

खडूमाती

ती पहिल्या पानापासून तिथे बसली होती आणि मला दिसली नव्हती. आमच्यात कोणी बिअर पीत नाही, टेबलावर आगळाचं कोकम सरबत ठेवतो. रंग अगदी बरोबर येईल.

वडपिंपळ

देवीदेवतांची नावं घेताना जपा. आमच्या घरी मी मोठ्याने ‘थीब्जची मूत देवी’ वाचलं आणि मुलगा दोन दिवस हसत होता.

फासेबहाद्दर

वडपिंपळ, आमच्या टेबलावर पण हे झालंय. दर वेळी सेशन दहा मिनिटं थांबतं.

उंबरठा

पुढच्या काळासाठी एक कडी सुचवतो. नेट्रॉन यायचं वादी नत्रूनच्या खाऱ्या तळ्यांतून. त्याच दरीत चौथ्या शतकात संत मकारियस आणि इतर ख्रिस्ती संन्यासी येऊन राहिले. म्हणजे हजारो वर्षं तोंड आणि मृतदेह शुद्ध करणारा क्षार जिथून आला, तिथेच संन्यासाची शाळा उभी राहिली. पाचवी पाळी तिथपर्यंत आली आणि ते संन्यासी त्यांच्यातलेच झाले, असं दाखवता येईल.

दगडफूल

उंबरठा, याला माझा ठाम विरोध. त्या दरीत आजही चार मठ चालू आहेत, कॉप्टिक लोक, म्हणजे इजिप्तमधले ख्रिस्ती, तिथे जातात, उपास करतात, नवस बोलतात. त्यांच्या संतांना व्हॅम्पायर करू नका. आपल्या वारकऱ्यांविषयी परक्या कोणी असं खेळात लिहिलं तर कसं वाटेल? सेखमेतचं देऊळ आज कोणाचं नाही, मकारियस आज लोकांचा आहे.

उंबरठा

हे मला सुचायला हवं होतं. मागे घेतो. मग उलट करू : पाचव्या पाळीतला एक जण रात्री मठाच्या भिंतीबाहेर येऊन बसतो, आत जात नाही. आतले लोक कशासाठी उपाशी राहतात ते ऐकतो. त्याला ते कळत नाही, कारण त्याने कधी जग सोडलंच नव्हतं. तो फक्त ड्युटीवर होता.

दगडफूल

हे चालेल. मला तो भिंतीबाहेरचा माणूस फार आवडला.

गोधडी

एक शंका. दुष्काळात अर्पणच नसेल तर ते शेकडो वर्षं टिकले कसे?

सोनटक्का

थडग्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना केलेली विनंती कोरलेली असते : पृथ्वीवर जिवंत असणाऱ्यांनो, जाता जाता म्हणा, हजार भाकरी, हजार घडे बिअर, बैल, पक्षी, ताग. तुमच्याकडे द्यायला काही नसेल तर नुसतं तोंडाने म्हणा. उच्चारलेलं अन्न मेलेल्याला पोचतं. त्यासाठी शब्द आहे तो ‘आवाजाने निघालेलं’ अशा अर्थाचा.

म्हणजे कोणीतरी म्हणत होतं, गोधडी. एखादी गुराखीण, एखादा वाटसरू.

फासेबहाद्दर

हा नियम कर! व्हॅम्पायरची शुद्धी घसरली की दुसऱ्या खेळाडूने टेबलावर खरंच मोठ्याने ते वाक्य म्हणायचं. फासे नाहीत. म्हणणारं कोणी नसेल तर घसरली ती घसरली.

मुळाकाठ

मूळ पोस्टमधला शेवटचा प्रश्न राहिला की. त्यांना हवंय काय?

आपण ज्याला मृतांचं पुस्तक म्हणतो त्याचं इजिप्शियन नाव ‘दिवसा बाहेर येणे’ अशा अर्थाचं आहे. प्रत्येक इजिप्शियन मेलेल्याची सगळ्यांत मोठी इच्छा हीच : सकाळी थडग्यातून निघावं, ऊन अंगावर घ्यावं, संध्याकाळी परत यावं. व्हॅम्पायरला दुसरं काहीही जमेल, हे एक जमणार नाही. सिनेमातल्या व्हॅम्पायरला सूर्य मारतो, पण इजिप्तमधल्याला सूर्य नाकारतो, आणि तिथे ते मरणाहून वाईट.

त्याच पुस्तकाच्या १२५व्या अध्यायात ४२ न्यायाधीश आहेत, प्रत्येकासमोर एकेक पाप नाकारायचं. त्यांतल्या एकाचं नाव आहे रक्तभक्षक, आणि तो खाटीकखान्यातून आलेला! पाचव्या पाळीचा मूळ पुरुष ज्या जागी काम करायचा तिथला. बाकी ४१ जणांसमोर तो बोलू शकेल. या एकासमोर उभं राहून ‘मी प्यायलो नाही’ म्हणता यावं, म्हणून तो उपाशी आहे.

सोनटक्का

आणि तिथे जायचं तर आधी पाळी सुटायला हवी.

गोधडी

ओव्हर घेणारं कोणीतरी हवं.

खडूमाती

परवा पहिलं सेशन झालं, म्हणून धागा वर आणतोय.

कुंभाराकडून मातीचं एक खोलगट वाडगं आणलं होतं. इजिप्शियन लोक मेलेल्या नातेवाइकांना पत्रं लिहीत, ती कधी कधी अशा वाडग्यांच्या आतल्या बाजूला असत, म्हणजे अन्न घ्यायला आलेला मेलेला ते वाचेल. लेखनिकाच्या खेळाडूला ते दिलं आणि सांगितलं, देवळामागच्या ओसाड आवारात रोज रात्री कोणीतरी जमीन झाडून ठेवतं, त्याला पत्र लिही. तिने गेरूने आतून गोल गोल लिहिलं. पहिली ओळ होती, ‘तुम्हाला कोणी कामावर ठेवलंय?’

तो आला. मी काही बोललो नाही, फक्त हात धुतले. टेबलावर तांब्या आणि घंगाळ ठेवलं होतं, त्यात. चौघंही हलले नाहीत. बिअरवालीने मधाचं बोट पुढे केलं, मी चाखून ‘कडू’ म्हणालो, आणि पहारेकऱ्याच्या खेळाडूने खुर्ची मागे सरकवली.

मग तो वैद्याच्या मनगटाजवळ नाक नेतो. वास घेतो. शुद्ध आहे, म्हणतो. आणि मागे सरतो. त्याच्या शुद्धीचा एकच ठिपका उरला होता. मी थांबलो, कोणालाच काही सांगितलं नाही. खूप वेळाने पहारेकऱ्याचा खेळाडू, जो आमच्यात सगळ्यांत कमी बोलतो, हळूच म्हणाला, ‘हजार भाकरी, हजार घडे बिअर.’ मग बाकीचे तिघं म्हणाले.

सेशनच्या शेवटी मी तक्ता काढला, अबुसीरसारखे रकाने आखलेला. पाचव्या तुकडीची नावं, हजेरीच्या खुणा, आणि शेजारचा ‘घेणारा’ हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. वैद्याच्या खेळाडूने पेन्सिल उचलली, बराच वेळ धरली आणि परत ठेवली. म्हणाला, पुढच्या शनिवारी सांगतो.

गोधडी

शनिवारी माझी रात्रपाळी आहे. रविवारी सकाळी ओव्हर दिला की पहिला हा धागा उघडणार. त्याने नाव लिहिलं का ते नक्की सांगा.